दुसऱ्याची केस

माझ्या वहिनीला सगळी गल्ली बाई म्हणते. तीस वर्षं ती सरकारी प्रसूतिगृहात सुईण होती. निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत तिने स्वतःचं काम सुरू केलं. त्या खोलीत एक उंच लोखंडी खाट आहे, एक वजनकाटा आहे, एक लाकडी खुर्ची आहे. बाहेर व्हरांड्यात थांबणाऱ्या बायकांसाठी बाक. खाटेवरचं काळं रेक्झिन मी शिवलेलं. मी गाद्या, उशा आणि खुर्च्यांच्या बैठका शिवणारा माणूस. लिहिणं माझं काम नव्हे, आणि वहिनीबद्दल लिहायला मी योग्य आहे का, याचीही मला खात्री नाही. पण त्याच घराच्या मागच्या खोलीत मी चाळीस वर्षं मशीन चालवलं. लग्न केलं नाही, भाऊ गेल्यावरही तिथेच राहिलो. मधली भिंत पातळ आहे, त्यामुळे वहिनीचा कामाचा आवाज मी जितका ऐकलाय तितका कुणी ऐकला नसेल.

तिचे हात फार चांगले होते, हे आधी सांगितलं पाहिजे. खरं तर हातांचीही गरज लागायची नाही. बाई व्हरांड्याच्या तीन पायऱ्या कशी चढते, बाकावर कोणत्या कुल्ल्यावर बसते, बरगडीला कुठे हात धरते, एवढं बघून ती सांगायची, "डोकं खाली आलंय, घाई नाही," किंवा "हिचं आडवं आहे, हिला आधी घेते." दिवस भरत आलेल्या बायकांना ती सांगायची तेही शहाणपणाचं असायचं. डाव्या कुशीवर झोप, दोन गुडघ्यांमध्ये उशी घे, पोटाच्या खाली एक छोटी सरकव. छातीत जळतंय तर थोडं थोडं खा आणि खाऊन लगेच आडवी होऊ नकोस. पोटरीत गोळा आला तर टाच पुढे रेट आणि बोटं स्वतःकडे ओढ. उशी घ्यायला ती बायकांना माझ्याकडे पाठवायची. माझ्या निम्म्या उशा तिच्यामुळे खपल्या.

आणि जीभ. कळ आली म्हणून कुणी ओरडली की फटकन मांडीवर चापट बसायची आणि मागून वाक्य यायचं, "आता कशाला गळा काढतेस? तेव्हा नाही काढलास." लाजून पाय आवळणारीला, "इथे काय नवीन बघायला मिळणारे मला? सोड पाय." मी मशीन जोरात चालवायचो. बायका पुढे हेच हसत हसत सांगायच्या आणि आपल्या बहिणींना घेऊन यायच्या. बाई बोलते पण सोडवते, असं म्हणायच्या.

तिची एक रीत होती. दुसऱ्याच्या केसबद्दल तोंड उघडायचं नाही. ही रीत तिच्या धंद्यातल्या सगळ्यांचीच, डॉक्टरांची आणि सुइणींची. फाइल ज्याच्याकडे, शब्द त्याचा. पण वहिनीला ती अंगावर वळ उठून शिकावी लागली होती. नोकरीत नवीन असताना दुधाच्या रांगेत एका बाईला ती म्हणाली, तुझं पोट मला बारीक वाटतंय, आजच्या आज दाखव. बाईने दाखवलं. निदान बरोबर निघालं. दुसऱ्या दिवशी त्या बाईचा डॉक्टर प्रसूतिगृहात आला आणि सगळ्या वॉर्डासमोर विचारून गेला, "माझ्या केसला हात लावणारी तू कोण गं?" वहिनीला तीन महिने चादरी धुवायला बसवलं. तेव्हापासून ती म्हणायची, "ज्या पोटासाठी मला बोलावलं नाही, ते पोट मला दिसत नाही."

माझा पुतण्या, म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा, चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीशी लग्न करून आला. सून काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दिवसभर स्टुलावर, मान खाली, एका डोळ्याला भिंग. अबोल नव्हती, पण प्रत्येक गोष्ट दोनदा तपासून बघायची सवय होती तिला. वहिनीने पहिल्याच आठवड्यात तिचं नाव चष्मेवाली ठेवलं. "चष्मेवालीला विचारा, मीठ डोळ्यांनी दिसतंय का," असं. सून हसून सोडून द्यायची. तिला दिवस गेले तेव्हा सगळे धरूनच चालले होते की बाळंतपण पुढच्या खोलीत होणार. बाईची सून दुसरीकडे कशाला जाईल?

सातव्या महिन्यात एका संध्याकाळी ती कामावरून आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "आई, मी दोन गल्ल्या पलीकडच्या हॉस्पिटलात नाव घातलं."

वहिनीने कप खाली ठेवला. "त्या नव्या पोरीकडे? ती शिकाऊ आहे अजून."

"शिकाऊ नाही, आठ वर्षं झाली तिला. मी कागदावर नऊ प्रश्न लिहून नेले होते, तिने नऊच्या नऊ प्रश्नांची उत्तरं दिली. कळा देताना बसू देणार का, ह्यांना आत येऊ देणार का, कापायचं ठरलं तर आधी मला सांगणार का."

"अगं बाई! मुलाखत घेतली म्हणे डॉक्टरीणबाईंची. नोकरीवर ठेवलीस की नाही?"

पुतण्या हसला आणि मग बायकोकडे बघून हसायचा थांबला.

"आणि माझ्यात काय वाईट होतं?" वहिनी म्हणाली. "पंधराशे पोरं काढलीत या हातांनी. एक तुझा नवरा सोडला तर बाकी सगळी धड निघाली."

सून म्हणाली, "मागच्या रविवारी मी बाकावर बसले होते, आत ती बेकरीवाल्याची बायको होती. तुम्ही तिला मारलंत. ती आईच्या नावाने रडत होती आणि तुम्ही म्हणालात, आई काय करणार, आईनेही असंच केलं होतं. मला बाळंतपणात ओरडा खायचा नाही, आई. एवढंच आहे. राग नाही माझा."

"मारलं?" वहिनी माझ्याकडे वळली. "भावजी, मारलं मी? चापट दिली. चापट दिली नसती तर पोर अडकलं असतं."

मी कपात बघत राहिलो.

त्या दिवसापासून सून वहिनीच्या लेखी दुसऱ्याची केस झाली. ती स्वयंपाकघरात वाकून भांडं उचलायला गेली की वहिनी तोंड फिरवायची. पाय सुजून चपलेत मावेनात, तरी एक शब्द नाही. बाकावरच्या बायकांना मात्र तिला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "आमच्याकडे राणीसाहेब आहेत एक. त्यांना हळू बोलणारं माणूस लागतं. पोर काय हळू बोलल्यावर बाहेर येतं होय?" बायका हसायच्या. सून चपला हातात घेऊन व्हरांड्यातून निघून जायची.

मग ती माझ्याकडे यायला लागली. वहिनी बाकीच्यांना जे फुकट सांगायची ते हिला कोण सांगणार? मी भिंतीपलीकडून ऐकलेलं तेवढं मला येत होतं. मी तिला लांब उशी शिवून दिली, पाठीपासून गुडघ्यांपर्यंत पुरेल अशी. दुकानातल्या स्टुलासाठी पुढे उतार असलेली बैठक केली, पायांखाली ठेवायला एक ठोकळा केला. ती म्हणायची, "काका, तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं." मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

छत्तिसाव्या आठवड्यात ती तपासून आली. डॉक्टरने हात ठेवला, डोकं खाली आहे म्हणाली, पुढची तारीख दोन आठवड्यांनंतरची दिली. त्यानंतर तीन दिवसांनी सून माझ्या खोलीत आली आणि उजव्या बरगडीखाली बोट ठेवून म्हणाली, "काका, इथे काहीतरी टणक येतं. गोल. लिंबापेक्षा मोठं. बसलं की श्वास लागतो. आणि लाथा सगळ्या खाली, सारखं बाथरूमला पळावं लागतं. मागे टेकून बसता येईल असं काही करता येईल?"

"डॉक्टरला विचारलंस?"

"फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, बाळाचं ढुंगण असेल, घाबरू नका."

मी माप घेतलं. पाचरीसारखी उशी करायची ठरली, वर अरुंद, खाली जाड. ती गेली, आणि वहिनी दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. ती कापसाच्या घड्या करत होती आणि हसत होती.

"ढुंगण म्हणे," ती म्हणाली. "डोकं आहे ते, भावजी. पोर उभं बसलंय आत. फिरलंय. ती ज्या तऱ्हेने दारातून गेली ना, तेव्हाच कळलं मला."

माझ्या हातातली टेप तशीच राहिली. "मग सांग ना तिला."

"मला विचारलंय कुणी?"

"वहिनी, तुझ्या नातवंडाचा प्रश्न आहे."

"नऊ प्रश्न घेऊन गेली होती ना तिकडे? दहावा माझ्याकडे घेऊन येऊ दे. मी सांगेन. फिरवायची वेळ आहे अजून, मी स्वतः फिरवली आहेत अशी पोरं. नुसतं येऊन म्हणायचं, आई, जरा बघता का. तेवढ्याने झिजणार नाही ती." मग घडी पिशवीत टाकून म्हणाली, "नाहीतर त्या डॉक्टरीणबाईंना कळेलच की. एवढी शिकली आहे ती."

मी रात्रभर विचार केला वगैरे काही लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी पाचरीची उशी तयार झाली, तेव्हा ती देताना मी बोलायचा प्रयत्न केला. म्हणालो, "एकदा तारखेच्या आधीच जाऊन पोट दाखवून ये."

"का?"

"असंच. ती टणक जागा आहे ना, म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा बदलला. "काका, आईंनी पाठवलं ना तुम्हाला?"

"नाही, नाही."

"मग तुम्हाला काय कळतं त्यातलं?" हे ती वाईट हेतूने म्हणाली नाही. खरंच विचारत होती. "गेला महिनाभर त्या बाकावरच्या बायकांच्या आडून मला ऐकवतायत. आता घाबरवून परत पुढच्या खोलीत न्यायचं आहे त्यांना. तुम्ही तरी त्यात पडू नका हो."

मी म्हणायला हवं होतं, डोकं वर आहे असं तुझी सासू म्हणते, आणि तिचं आजवर चुकलेलं मी पाहिलं नाही. एक वाक्य. पण मला वाटलं, चुकलं तर? मी गादीवाला, घरात भांडण लावून दिलं असं होईल. आणि वहिनीने मला विश्वासाने सांगितलं होतं. तारीख जवळच आहे, डॉक्टर बघेलच. अशी मी माझी समजूत घातली. ती उशी घेऊन गेली. म्हणाली, छान झाली आहे.

तारीख गुरुवारची होती. बुधवारी सकाळपासून तिची कंबर दुखत होती. रोजच दुखायची म्हणून ती कामावर गेली, दोन चष्मे बसवून दिले आणि दुपारी एक वाजता भिंतीला धरत घरी आली. व्हरांड्याच्या पायरीवर पाणी गेलं. बाकावर तीन बायका होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या. पुतण्या कामावर. मी धावत बाहेर आलो.

"काका, टॅक्सी," ती म्हणाली. "पटकन."

मी एका बाईला कोपऱ्यावर पाठवलं. सून खांबाला धरून वाकली होती, दोन कळांमध्ये श्वास घ्यायलाही उसंत नव्हती. वहिनी आतल्या खोलीच्या दारात आली. हात पुसत उभी राहिली. तिच्या पलीकडे काळ्या रेक्झिनची खाट रिकामी होती. दहा पावलं.

"तुला काही म्हणायचंय का मला?" वहिनीने विचारलं.

सुनेने मान वर केली. घामाने चष्मा घसरला होता. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि बाकावरच्या बायका दोघींकडे. मला वाटलं, आता म्हणेल. मग तिला कळ आली, ती ओरडली, आणि ओरडून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "आली का टॅक्सी?"

"वहिनी!" मी म्हणालो.

"दुसऱ्याची केस आहे, भावजी," वहिनी म्हणाली. "वाटेत थांबू नका."

टॅक्सीत मी तिच्या शेजारी होतो. दोन गल्ल्या, पण मधला रस्ता खणलेला असल्याने वळसा घ्यावा लागला. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. आधी पाय आले. मी बाहेर होतो, पण तिथल्याही भिंती पातळ होत्या. डॉक्टर खरोखर हळू बोलत होती. शेवटपर्यंत हळू बोलत होती, आणि आवाज मात्र थरथरत होता. बाळाचे हात वर डोक्याशी अडकले, ते ओढून काढावे लागले. मुलगी झाली. उशिरा रडली, पण रडली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने सांगितलं की बाळाच्या डाव्या हाताच्या नसा ताणल्या गेल्यात. हात लोंबत होता, खांद्यापासून बोटांपर्यंत. सुधारेल, कदाचित काही महिन्यांनी, कदाचित पूर्ण नाही. तपासणीत डोकं खाली लागलं होतं, नंतर फिरलं असावं, किंवा माझ्या हाताची चूक झाली असेल, असंही ती म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. पुतण्या भिंतीशी उभा होता. सून उशांना टेकून होती, मुलगी छातीशी.

तेवढ्यात वहिनी आली. केस नीट विंचरलेले, स्वच्छ पातळ. तिने नातीकडे पाहिलं, लोंबता हात दोन बोटांनी उचलून सोडला, आणि तो पडला तसा पडू दिला. मग डॉक्टरकडे वळली.

"आठ वर्षं झाली म्हणे तुम्हाला," ती म्हणाली. "बरगडीखाली डोकं होतं, अख्खं डोकं. ते दिसलं नाही? मी हात न लावता सांगितलं होतं. अकरा दिवसांपूर्वी. ती दारातून गेली, आणि मी सांगितलं."

डॉक्टरने मान खाली घातली. वहिनी थांबली असती तर कदाचित तिथेच संपलं असतं. पण खरं ठरल्याचा आनंद तिला आवरला नाही. तीस वर्षांच्या नोकरीत कुणी डॉक्टर असा तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला नव्हता.

"विश्वास नाही बसत? विचारा ह्यांना. भावजी, सांगा. सांगितलं होतं की नाही मी?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. सूनही.

"काका, खरंय?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "हो."

"अकरा दिवस?"

"हो."

तिने डॉक्टरला विचारलं, "अकरा दिवस आधी कळलं असतं तर?"

डॉक्टरने वहिनीकडे बघितलं नाही. म्हणाली, "बाहेरून फिरवून बघितलं असतं. नाही फिरलं तर दिवस ठरवून ऑपरेशन केलं असतं."

"म्हणजे हात?"

"हाताला काही झालं नसतं."

वहिनीला आत्ता कुठे कळलं की आपण काय बोलून बसलो. तिचं तोंड उघडं होतं. "तू विचारलंस कुठे?" ती म्हणाली. "एकदा विचारलं असतंस तर..." पुतण्या पुढे आला आणि आईचा दंड धरून तिला खोलीबाहेर घेऊन गेला. ओढलं नाही, पण दंड सोडलाही नाही. बाहेरून तिचा आवाज येत होता, "मी चुकले नव्हते. अरे, मी चुकले नव्हते."

सून माझ्याकडेच बघत होती. मला वाटलं ती रडेल, निदान शिवी देईल.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली, "आणि तुम्ही उशी शिवत बसलात."

हॉस्पिटलातून ती आमच्या घरी आली नाही. पुतण्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या घेतल्या. एका दुपारी येऊन कपडे, भांडी आणि तिची भिंगांची पेटी घेऊन गेला. माझ्या खोलीत डोकावला आणि गेला.

लोक वहिनीला नावं ठेवतील असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. बाकावरच्या त्या तीन बायकांनी वहिनीच्याच तोंडून ऐकलेली गोष्ट गल्लीभर नेली, आणि गल्लीला त्यातलं एवढंच लक्षात राहिलं की बाईला नुसतं चालताना बघून कळलं, मोठ्या हॉस्पिटलात कुणाला कळलं नाही. लांबून लांबून बायका यायला लागल्या. बाक पुरेना, मला आणखी एक करून द्यावा लागला. "बाई, नुसतं बघा हो," असं म्हणत त्या दारात उभ्या राहून दोन पावलं चालून दाखवतात. वहिनी बघते आणि सांगते. अजून तिचं चुकलेलं मी ऐकलं नाही.

पुतण्या महिन्यातून एकदा येतो, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन. पायरी चढत नाही. वहिनी व्हरांड्यात येते, गोळ्या घेते. नातीला तिने हॉस्पिटलातल्या त्या दिवसानंतर पाहिलेलं नाही. मुलगी आता आठ महिन्यांची आहे.

"हात?" ती विचारते.

"चालू आहेत व्यायाम."

"वर जातो?"

"खांद्याइतका. त्याच्या वर नाही."

"कोण करून घेतं?"

"तीच करते."

मागच्या खेपेला वहिनीने हवेत स्वतःचा हात लांब करून दाखवला. कोपर असं धर, खांद्याला तळव्याने आधार दे, बाहेरून वर्तुळ कर, झटका नको, पोर रडलं तरी थांबायचं नाही, दिवसातून सहा वेळा. दोनदा करून दाखवलं. पुतण्या बघत होता. त्याने हात उचलून तसं करून पाहिलं नाही, आणि तिला सांगतो असंही म्हणाला नाही. गोळ्यांची पुढची तारीख सांगितली आणि निघाला.

तो कोपऱ्यावर वळेपर्यंत ती उभी होती. बाकावरच्या बायका मान खाली घालून आपापल्या पोटाकडे बघत होत्या. मग वहिनी आत गेली, आणि भिंतीपलीकडून मला ऐकू आलं, "चल, चढ वर. आणि आधीच सांगते, रडायचं असेल तर घरी जा."

मी मशीनवर बसलो.